चार्टर शाळेसाठी शिक्षक भरती (प्राथमिक आणि मिडल स्कूल) : कुठून सुरुवात करावी?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)
मंडळी, प्रश्न न्यू जर्सीतल्या एका छोट्या चार्टर शाळेचा आहे. येत्या सप्टेंबरपासून सहावी, सातवी, आठवी सुरू होणार, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत २२ मुलं. शिवाय प्राथमिकला दोन जागा रिकाम्या आहेत, एक पहिलीची आणि एक चौथीची. भरती समितीत शाळाप्रमुख, दोन विश्वस्त आणि एक शिक्षक असे चौघं आहेत आणि चौघांची चार मतं.

मिडल स्कूलला इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे चार विषय, म्हणून चार शिक्षक घ्यावेत असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याला पाच हवेत. मुलाखतीत नेमकं काय बघायचं यावर तर रोजच वाद. अर्जांत भारतात बीएड झालेल्या बऱ्याच जणी आहेत, त्यांची कागदपत्रं कशी वाचायची तेही कळत नाही. आणि जाहिरात आत्ता जानेवारीतच द्यावी की एप्रिलपर्यंत थांबावं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बोकोबा
चार्टर म्हणजे खाजगीच ना? मग हवा तो माणूस घ्या की. सर्टिफिकेट कोण विचारतंय!

खडू_डस्टर
@बोकोबा, नाही हो. चार्टर ही सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी सार्वजनिक शाळाच. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढावी लागते. पहिला कायदा मिनेसोटाचा, १९९१ चा. न्यू जर्सीचा १९९५ चा. इथे पहिली सनद (म्हणजे चार्टर, शाळा चालवायचा परवाना) चार वर्षांची आणि नूतनीकरण पाच वर्षांचं. शिक्षक सुमार निघाले तर नूतनीकरणाच्या वेळी अख्खी शाळाच जाते.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर २०१५ च्या केंद्रीय कायद्यानंतर ते राज्यांवर सोडलंय. टेक्सासात चार्टरच्या शिक्षकाला पदवी पुरते, पण विशेष शिक्षण आणि द्विभाषिक वर्गाला सर्टिफिकेट लागतंच. ॲरिझोनातही साधारण तसंच, मात्र बोटांच्या ठशांचं कार्ड हवं. पेनसिल्व्हेनियात व्यावसायिक कर्मचाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के सर्टिफाइड पाहिजेत. कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्याने चार्टरला जवळपास जिल्हा शाळांच्याच (म्हणजे स्थानिक शालेय जिल्हा चालवतो त्या नेहमीच्या सरकारी शाळांच्या) ओळीत बसवलं. न्यू जर्सीत वर्गशिक्षकाला सर्टिफिकेट लागतं, विषय संपला.

म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

बोकोबा
बरं बरं, शब्द मागे. खुर्ची घेऊन बसतो.

वेळापत्रकवाला
पाटीपेन्सिल, जाहिरात बाजूला ठेवा. आधी तासांची बेरीज करा. चार की पाच हा वाद मतांचा नाहीच, कागद-पेन्सिलचा आहे.

सहा तुकड्या. प्रत्येक विषयाचा रोज एक तास, म्हणजे आठवड्याला तुकडीमागे ५. एका विषयाचे ३० तास झाले. एक शिक्षक रोज ५ तास, आठवड्याला २५ घेऊ शकतो. त्याहून जास्त दिले तर तयारीला वेळ उरत नाही आणि डिसेंबरात माणूस थकतो. म्हणजे चार विषयांना चार माणसं घेतली की प्रत्येक विषयाचे ५ तास लटकतात. ही झाली चार विषयांची चार शेपटं, मिळून २० तास. पाचवा शिक्षक घ्यायचा म्हटलं तर त्याला चारही विषय शिकवण्याचा अधिकार हवा. असा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर तो एव्हाना मुख्याध्यापक झालेला असतो.

यातून वाट आहे. न्यू जर्सीचं प्राथमिकचं सर्टिफिकेट के (बालवर्ग) ते सहावी चालतं. म्हणजे सहावी मिडल स्कूलमध्ये मोजूच नका, प्राथमिक सर्टिफिकेटवाल्यांना द्या. सहावीच्या दोन तुकड्या गुणिले चार विषय गुणिले ५ म्हणजे ४० तास, दोघांत प्रत्येकी २०. सातवी-आठवीच्या चार तुकड्या, विषयाला २० तास, चार विषयांना चार शिक्षक. एकूण सहा माणसं, प्रत्येकाकडे ५ तास शिल्लक. ते मागे पडलेल्या मुलांच्या छोट्या गटांना द्या.

गणपुले_गणितवाले
वेळापत्रकवाले, हिशेब बरोबर, पण सहावी प्राथमिकवाल्याच्या गळ्यात मारण्याला माझा विरोध. सहावीचं गणित म्हणजे गुणोत्तर, ऋण संख्या, अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं. सातवीत मूल पडतं त्याचं मूळ बहुतेकदा सहावीत असतं. के-६ सर्टिफिकेट असलेल्या अनेकांनी वर्षानुवर्षं फक्त दुसरी-तिसरी शिकवलेली असते.

वेळापत्रकवाला
गणपुले, मान्य. म्हणून एकेकाला एकेक तुकडी देऊन चारही विषय शिकवायला लावू नका. एकाला दोन्ही तुकड्यांचं गणित-विज्ञान, दुसऱ्याला इंग्रजी-समाजशास्त्र. तास तेवढेच, २०, पण तयारी निम्मी. आणि जाहिरातीत ‘सहावी शिक्षक’ असं मोघम न लिहिता ‘सहावी गणित-विज्ञान, के-६ सर्टिफिकेट, मिडल स्कूल गणिताची जोड असल्यास प्राधान्य’ असं लिहा. अर्ज कमी येतील, पण कामाचे येतील.

आणि एक. गणित-इंग्रजीला दुहेरी तास ठेवायचे असतील तर वरचा हिशेब कोलमडतो. सातवी-आठवीलाच त्या दोन विषयांचे प्रत्येकी ४० तास होतात, म्हणजे दोन-दोन शिक्षक. सहावीच्या दोघांवर प्रत्येकी ३० तास पडतात, म्हणजे तिथे तिसरं माणूस. हा निर्णय भरतीच्या आधी घ्या, ऑगस्टमध्ये नको.

सांजवात
सगळे विषय मोजताय, विशेष शिक्षण कुठे आहे? चार्टरला आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) असलेल्या मुलाला नाही म्हणता येत नाही. सोडतीत नंबर लागला की मूल आपलं. सहा तुकड्यांत अशी मुलं विखुरलेली असतील तर वर्गात सहशिक्षक म्हणून उभं राहणारं सर्टिफाइड माणूस लागतं, आणि ते एका वेळी एकाच वर्गात असू शकतं. नेमके गणिताचे दोन तास एकाच वेळी लावले की झाली पंचाईत.

ही जागा सगळ्यात आधी भरा. विशेष शिक्षण आणि मिडल स्कूलचं गणित-विज्ञान, या माणसांना एका वेळी तीन-तीन शाळा बोलावत असतात. चौथीच्या जागेला मे महिन्यातही चांगले अर्ज येतील. इंग्रजी नवीन शिकणाऱ्या मुलांसाठी ईएसएलचं माणूसही यादीत आहे ना?

पाटीपेन्सिल
ईएसएल आहे. विशेष शिक्षणाला एकच जागा धरली होती, आता घाम फुटलाय. वेळापत्रकवाले, बेरीज छापून भिंतीला लावली. सहा माणसं ठरली. आता मुलाखतीचं सांगा कोणीतरी.

फळा_आणि_फडकं
मुलाखतीला २५ मिनिटं, पाठाला २५ आणि पाठानंतर १५. यातली शेवटची १५ सगळ्यात महत्त्वाची, आणि घाई असली की शाळा नेमकी तीच गाळतात.

पाठ खऱ्या मुलांच्या खऱ्या वर्गात घ्यायला लावा. विषय तीन-चार दिवस आधी द्या, वर्गात किती मुलं, मागचा पाठ कुठवर झालाय तेही सांगा. आयत्या वेळी विषय देऊन फजिती बघण्यात अर्थ नाही. बघणाऱ्यांनी तीनच गोष्टी लिहायच्या: पहिल्या पाच मिनिटांत किती मुलं कामाला लागली, शिक्षकाने किती वेगवेगळ्या मुलांना बोलतं केलं, आणि शेवटी कोणाला आलं-कोणाला नाही हे त्याने कशावरून ठरवलं. ‘कळलं का सगळ्यांना?’ या प्रश्नाला शून्य गुण.

मग एकच दुरुस्ती सांगा. एकच, यादी नको. उदाहरणार्थ, ‘प्रश्न विचारल्यावर हात वर येईपर्यंत मनात तीन आकडे मोजा.’ आणि पाठातली तीच पाच मिनिटं पुन्हा घ्यायला लावा. जो ऐकून बदलतो त्याला घ्या. पहिला पाठ झकास, पण दुरुस्ती सांगितल्यावर ‘पण माझी पद्धत अशी आहे’ म्हणणारा माणूस वर्षभर शाळाप्रमुखाशी भांडेल.

गणपुले_गणितवाले
+१. माझ्याकडून गणिताच्या उमेदवारासाठी एक कागद. त्यावर मुलाने केलेली वजाबाकी लिहा:

४०२ − १७८ = ३७६

आणि विचारा, या मुलाला तुम्ही काय सांगाल?

मुलाने काय केलंय बघा. प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा केलंय. ८ तून २ गेले ६, ७ तून ० गेला ७, ४ तून १ गेला ३. निष्काळजीपणा नाही, मुलाने स्वतःशी एक नियम बनवलाय आणि तो प्रामाणिकपणे पाळलाय. कमकुवत उमेदवार म्हणतो, ‘चुकलं, उत्तर २२४, पुन्हा सोडव.’ मधला म्हणतो, ‘हातचा घ्यायचा राहिला.’ चांगला आधी विचारतो, ‘तू कसं केलंस ते सांग’, मग शतकाचा एक ठोकळा मोडून दहाचे दहा करतो, त्यातला एक मोडून दहा एकक करतो. मधल्या शून्यामुळे दोनदा मोडावं लागतं हे जो आपणहून बोलतो, त्याला खुर्ची द्या.

भारतात शिकलेल्यांना एक सूचना. इथे ‘हातचा’ म्हणून भागत नाही, मुलांना पुनर्गट करणं अशा अर्थाचा शब्द माहीत असतो. हिशेब तोच, शब्द वेगळा. मुलाखतीला जाण्याआधी शाळेचं पुस्तक चाळून जा.

बाराखडी
पहिलीच्या जागेसाठी असाच कागद वाचनाचा हवा. उमेदवाराला ‘शिप’ हा शब्द द्या, एस-एच-आय-पी, आणि विचारा यात ध्वनी किती? अक्षरं चार, ध्वनी तीन. पहिलीच्या शिक्षिकेला इथे अडखळायला परवानगी नाही. मग विचारा, मुलाने चित्र बघून ‘शिप’च्या जागी ‘बोट’ वाचलं तर काय कराल? ‘अर्थ बरोबर आहे, पुढे जाऊ’ म्हणणाऱ्या अजून सापडतात. मुलाची नजर शब्दाकडे परत आणून ध्वनी जोडून वाचायला लावणारी हवी.

आपल्याकडच्या शिक्षिकांची इथे गंमत होते. बाराखडीत लिहिलं तसं वाचायचं, त्यामुळे अक्षराचं नाव आणि उच्चार यात फारसा फरक नसतो. इंग्रजीत ‘एच’ हे नाव आणि त्याचा ध्वनी यांचा काही संबंध नाही. काही उमेदवार मुलांना स्पेलिंग घोकायला लावतात आणि त्यालाच वाचन शिकवणं समजतात. पाच मिनिटांच्या पाठात दिसून येतं.

बोकोबा
अवांतर : आपल्याकडे हे सगळं नसतं. संस्थाचालकांच्या बंगल्यावर जायचं, चहा प्यायचा, आकडा ऐकायचा, परत यायचं. डेमो तिथेच होतो. (ह. घ्या.)

मास्तुरे
बोकोबा, तो काळ आटोक्यात आणायलाच पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) आणलं ना. अभियोग्यता चाचणीचे गुण, पसंतीक्रम, मग शिफारस. त्याआधी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) : पेपर एक पहिली ते पाचवीला, पेपर दोन सहावी ते आठवीला. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टीईटी नोकरीत असलेल्यांनाही लागू केली, तेव्हापासून त्यांचीही झोप उडाली आहे.

पण फरक बघा. पोर्टलवर गुणांनी माणूस येतो, वर्गात उभा केल्यावर कसा दिसतो हे गुणपत्रिका सांगत नाही. चार्टरला उलटी सवलत आहे, माणूस बघून घेता येतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे महापालिकेच्या शाळा संस्थांनी चालवायच्या, मुंबई-पुण्यात आकांक्षा चालवते तशा.

खडू_डस्टर
धागा भरकटायच्या आत भारतीय कागदपत्रांचं सांगते.

१. गुणपत्रिकेचं मूल्यांकन कोर्सनिहाय मागा. नुसतं ‘पदवी समकक्ष आहे’ असा एका ओळीचा अहवाल कामाचा नाही. मिडल स्कूलच्या विषयासाठी त्या विषयाची १५ क्रेडिट्स मोजायची असतात, ती एका ओळीत दिसत नाहीत.

२. तीन वर्षांच्या बीए-बीएस्सीकडे नीट बघा. काही अहवालांत ती अमेरिकन चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जात नाही. वर एमए, एमएस्सी किंवा बीएड असेल तर चित्र बदलतं. बीएड आधी एक वर्षाचं होतं, एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांचं झालं. जुन्या बीएडला कमी लेखू नका, पण क्रेडिट्स कमी भरतील हे धरून चाला.

३. विद्यापीठाकडून प्रतिलिपी थेट मूल्यांकन संस्थेकडे जावी लागते. उमेदवाराच्या ट्रंकेतली मूळ गुणपत्रिका चालत नाही. मुंबई असो की पुणे, याला वेळ लागतो. ‘अर्ज केलाय’ आणि ‘अहवाल आलाय’ यात महिने जातात. मार्चमध्ये ज्यांच्याकडे अहवाल नाही त्यांना सप्टेंबरच्या मुख्य जागेवर धरू नका, साहाय्यक शिक्षक म्हणून विचार करा.

सर्टिफिकेटचे शब्द लक्षात ठेवा. सीई म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण अजून व्हायचंय, पण नोकरी मिळू शकते. सीईएएस म्हणजे प्रशिक्षण झालंय. दोघांनाही आधी तात्पुरतं सर्टिफिकेट, सोबत मेंटॉर, मग कायमचं. सहापैकी चार सीईवाले घेतलेत तर चार मेंटॉर कुठून आणणार? एका अनुभवी शिक्षकाच्या गळ्यात तीन नवखे अडकवले की तिघांचंही काही होत नाही. माझं मत, सहात दोनच्या वर सीई नको.

सांजवात
एच-४ वाल्यांचं (एच-१बी व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदारांचं) कोणी बोललं नाही. ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) असेल तर काम करता येतं. मुलाखतीत एवढंच विचारा, ‘अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का?’ कुठल्या देशाच्या, कोणता व्हिसा, नवऱ्याचं ग्रीन कार्ड कुठवर आलं, हे विचारू नका. गप्पांच्या ओघातही नको. आपली मराठी माणसं समितीत असली की पहिला प्रश्न ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असतो. तो गिळा. आय-९ चा (कामाची परवानगी तपासायच्या फॉर्मचा) पहिला भाग रुजू होण्याच्या दिवशी, कागदपत्रं तीन कामाच्या दिवसांत, आणि कोणती दाखवायची ते कर्मचारी ठरवतो, तुम्ही नाही.

उमेदवारांनी मात्र स्वतःची तारीख बघावी. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाला आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड फेब्रुवारीत संपत असेल तर वर्ग मध्येच सोडावा लागू शकतो. लवकर अर्ज करा.

पाटीपेन्सिल
‘मूळच्या कुठल्या’ वर आमच्या समितीतले दोघं एकमेकांकडे बघतायत. 😀

कारकून_क्र_१
कागदपत्रांतला सगळ्यात मोठा खड्डा सांगतो. बोटांचे ठसे सगळ्यांना माहीत असतात. पण न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्याने उमेदवाराच्या मागच्या २० वर्षांतल्या सगळ्या शाळांना आणि मुलांशी थेट संबंध येणाऱ्या सगळ्या मालकांना लेखी विचारावं लागतं, गैरवर्तनाची चौकशी झाली होती का म्हणून. दहा वर्षांत सहा शाळा केलेल्या माणसाचे सहा फॉर्म. उत्तर यायच्या आत तात्पुरतं रुजू करता येतं, पण ९० दिवसांपुरतंच. सप्टेंबरात घेतलं तर डिसेंबरात मुदत संपते, बरोबर सुट्टीच्या तोंडावर, आणि कोणाच्या लक्षात नसतं. ऑफर दिली त्याच दिवशी फॉर्म पाठवा.

नाशिकच्या शाळेला फॉर्म पाठवलात तर आवक क्रमांक पडेल, उत्तराचं सांगता येत नाही. पाठवल्याची पोच फाइलला लावा, आठवण पाठवा, तिचीही पोच लावा आणि शाळेच्या वकिलाला विचारा.

जाहिरातीत पगाराचा पल्ला छापावा लागतो, १ जून २०२५ पासून. आधीचा पगार किती होता हे विचारायचं नाही, ते २०२० पासूनच बंद आहे. आणि नेमणूक शाळाप्रमुखाच्या शिफारशीवर विश्वस्त मंडळाच्या जाहीर सभेत मतदानाने होते. विश्वस्तांपैकी कोणी उमेदवाराला परस्पर ‘तुमचं झालं समजा’ म्हणायचं नाही. कोणाची भाची-वहिनी अर्जात असेल तर त्या विश्वस्ताने समितीतून उठावं, आधीच, निकालानंतर नव्हे.

मास्तुरे
भाची-वहिनी तिकडेही आहेच म्हणायची!

फळा_आणि_फडकं
मूळ प्रश्नातली तारीख राहिलीच. जाहिरात आत्ता, जानेवारीतच द्या. कारणं सांगते.

विशेष शिक्षण, गणित, विज्ञान यांचे चांगले उमेदवार मार्चपर्यंत संपतात. दुसरी लाट मेच्या मध्यावर येते. कायम न झालेल्या शिक्षकाला जिल्ह्याने १५ मेपर्यंत कळवायचं असतं पुढच्या वर्षी आहात की नाही. मुलं कमी झाली म्हणून किंवा बजेट कापलं म्हणून सुटलेले चांगले शिक्षक तेव्हा बाजारात येतात. पहिली आणि चौथीसाठी ही लाट पकडा, एक जागा मुद्दाम शिल्लक ठेवली तरी चालेल.

शेवटची तारीख जूनअखेर धरा. करारात ६० दिवसांची नोटीस असते. जुलैच्या मध्यावर हो म्हणणाऱ्याला त्याचा जिल्हा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धरून ठेवू शकतो, आणि तुमचा वर्ग पहिल्याच दिवशी बदली शिक्षकावर.

जिल्ह्यातल्या कायम शिक्षकाला एक गोष्ट आवर्जून सांगा, त्यांनाच माहीत नसते. चार्टरमध्ये यायला तीन वर्षांपर्यंत रजा मागता येते. पेन्शनही तीच, टीपीएएफ (राज्याचा शिक्षक पेन्शन फंड). ‘सनद गेली तर माझं काय’ ही भीती निम्मी तिथेच संपते.

वेळापत्रकवाला
सहा माणसांना एकदम पक्कं करण्याआधी पैसे बघा. जिल्ह्याकडून पैसा मुलामागे येतो आणि मोजणी ऑक्टोबरच्या मध्यावर होते. १३२ मुलं (सहा तुकड्या गुणिले २२) म्हणून धरलीत आणि ११८ आली तर एका शिक्षकाचा पगार उडाला समजा. आठवीत तर मुलं जुनी शाळा सोडून यायला नाखूश असतात. आठवीची दुसरी तुकडी भरत्येय की नाही ते सोडतीनंतर बघा, मग शेवटचे दोन करार करा.

पाटीपेन्सिल
सगळ्यांना दंडवत. ठरलं ते असं : विशेष शिक्षणाच्या दोन जागा आणि सातवी-आठवी गणित-विज्ञान यांची जाहिरात याच आठवड्यात, सहावी फेब्रुवारीत, इंग्रजी-समाजशास्त्र सोडतीनंतर, पहिली-चौथी मेच्या लाटेसाठी. ४०२ वजा १७८ चा कागद तयार आहे. समितीतल्या एका विश्वस्तांनीच ‘हातचा राहिला’ म्हटलं, त्यामुळे त्यांना मधल्या गटात टाकलंय.

एक शंका उरली. शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते. त्यानंतर कोणी आलं तर पाठ कोणापुढे घ्यायचा? आम्ही चौघं मुलं म्हणून बसलो तर?

फळा_आणि_फडकं
नका बसू. मोठी माणसं मूल झाली की एक तर शहाण्यासारखी लगेच उत्तर देतात किंवा मुद्दाम खोड्या काढतात. ‘मला कळलंय’ असं वाटणारं पण न कळलेलं मूल कोणालाच वठवता येत नाही, आणि शिक्षकाची परीक्षा नेमकी त्याच मुलापुढे असते. जुलैत उन्हाळी वर्ग चालवत असाल तर त्यातली आठ-दहा मुलं घ्या, २० मिनिटं पुरतात. तेही नसेल तर उमेदवाराच्या चालू शाळेतला तास बघू देतात का विचारा, पण ते मेमध्येच विचारा.

बोकोबा
मी बसू का? मला खरंच कळलेलं नाही.